पार्सलचं वजन काट्यावर एक आणि बिलात दुसरं का येतं?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मागच्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीतल्या आमच्या काउंटरवर एक काकू फराळाचं खोकं घेऊन आल्या. मुलीकडे, न्यू जर्सीला पाठवायचं होतं. काट्यावर ७ किलो १०० ग्रॅम भरलं. घरीही त्यांनी मोजलं होतं, तेवढंच भरलं होतं. आम्ही टेप लावली, खोक्याच्या कडेला पट्टी धरून ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर असं माप घेतलं आणि साडेसात किलोचे पैसे घेतले. पाच दिवसांनी कुरिअर कंपनीकडून डेबिट नोट, म्हणजे वाढीव पैशांची मागणी आली : वजन ९ किलो, फरक भरा.

काकूंना वाटलं, कोणीतरी फसवतंय. खरं कारण वेगळं होतं. चिवड्याच्या पिशव्या दाबून बसवल्यामुळे खोकं चहूबाजूंनी फुगलं होतं, आणि आम्ही माप कडेला घेतलं होतं, पोटाला नाही. कंपनीच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं छाटण्याच्या केंद्रात, यंत्राने ते ४२ बाय ३२ बाय ३२ मोजलं. बाजूमागे दोनच सेंटिमीटर, पण बिलात दीड किलो वाढलं. माप घेण्यातली चूक आमची होती, म्हणून फरक आम्ही भरला. असं पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे पत्रक काढलं आहे.

वजन दोन असतात

कुरिअर कंपनी प्रत्येक पार्सलची दोन वजनं काढते. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याने अडवलेल्या जागेवरून काढलेलं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

दुसरं वजन काढायची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५००० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. परदेशी जाणाऱ्या एक्स्प्रेस पार्सलांना हाच ५००० चा भाजक सर्रास लागतो. देशात रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही कंपन्या ४५०० किंवा ४००० धरतात. भाजक जितका लहान, तितकं वजन जास्त. म्हणून दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवताना फक्त किलोचा भाव विचारू नका, ‘भाजक किती?’ हेही विचारा. स्वस्त वाटणारा दर बऱ्याचदा इथेच महाग पडतो.

हिशेब लक्षात ठेवायचा तर स्वयंपाकघरातला पाच लिटरचा तेलाचा कॅन डोळ्यांसमोर आणा. पाच लिटर म्हणजे ५००० घनसेंटिमीटर. तेवढी जागा अडली की कंपनीच्या लेखी एक किलो झाला, आत काही असो वा नसो.

हा नियम मुळातच अन्यायाचा आहे असं आम्हाला वाटत नाही. विमानाच्या पोटात जागा मोजकीच असते. हलक्या, मोठ्या खोक्यांनी ती भरली, तर वजनाची मर्यादा गाठण्याआधीच विमान भरतं आणि इंधन काही फारसं कमी जळत नाही. पण नियम आधी न सांगता बिल मागाहून पाठवणं मात्र आम्हाला मुळीच पटत नाही. म्हणून आमच्याकडे दोन्ही वजनं बुकिंगच्या पावतीवर लिहूनच मिळतील.

आणखी एक. परदेशी पार्सलचं वजन साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेलं जातं. ७.६ किलो म्हणजे बिलात ८. काही कंपन्या मापातला अर्धा सेंटिमीटरही पुढच्या पूर्ण सेंटिमीटरवर नेतात.

फराळाचं खोकं

आमच्याकडे सर्वांत जास्त जातो तो फराळ, आणि सर्वांत जास्त वाद होतात तेही फराळावरूनच. बेसनाचे लाडू जड, जागा थोडी घेतात. पातळ पोह्यांचा चिवडा उलटा : एक किलो चिवड्याची पिशवी पाच लिटरच्या कॅनमध्ये काही केल्या मावणार नाही. चकली आणि कडबोळी या लाडू-चिवड्याच्या मधल्या कुठेतरी.

पुष्कळ जण लाडू-करंज्यांचं एक खोकं करतात आणि ‘चिवडा चुरू नये’ म्हणून त्याचं वेगळं खोकं करतात. यात दोन्हीकडून तोटा होतो. समजा लाडवांचं खोकं ३० बाय २५ बाय २० चं आहे. आकाराने ३ किलो, काट्यावर ६, म्हणून पैसे ६ चे. चिवड्याचं खोकं ४० बाय ३० बाय २५. काट्यावर साडेतीन, आकाराने ६, पैसे पुन्हा ६ चे. एकूण १२ किलो. हाच माल ४० बाय ३५ बाय ३२ च्या एकाच खोक्यात घाला. आकाराने येतं ८.९६, काट्यावर साडेनऊ, पैसे साडेनऊचे. जिन्नस तेवढेच, अडीच किलोचं भाडं वाचलं. जड खाली, हलकं वर, आणि दोन्ही एकाच खोक्यात. फराळाला आमचा सल्ला हाच.

दुसरी गोष्ट गोल डब्यांची. गोल डबा चौकोनी जागेत ठेवला की कोपऱ्यांत मिळून पाचव्या हिश्शाहून जास्त जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेचेही पैसे तुम्हीच भरता. शक्य असेल तर चौकोनी डबे घ्या. गोलच असतील तर मधल्या पोकळ्यांत मेतकूट, गोडा मसाला, तिळाची चटणी यांच्या लहान पिशव्या सारा. त्या कशाही आकारात बसतात आणि डबेही हलत नाहीत.

चिवडा व्हॅक्यूम पॅक करून द्या, असं कधी कधी सांगितलं जातं. आम्ही तसं करत नाही. जागा वाचते, पण पोह्यांचा भुगा होतो. मुलांना घरचा चिवडा खायचा असतो, त्याची पूड नव्हे. पापड, सांडगे, मसाले मात्र घट्ट पॅक करायला हरकत नाही.

खोकं कापून लहान करा

घरी टीव्हीचं किंवा मिक्सरचं रिकामं खोकं असतं, त्यात सामान भरलं जातं आणि वर उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले जातात. बोळ्यांना वजन नसतं, पण ते अडवत असलेल्या जागेला भाडं असतं.

४५ बाय ३५ बाय ३० चं खोकं घ्या. आकाराने ९.४५, म्हणजे बिलात साडेनऊ. आतला माल सव्वासात किलोचा आणि वरचे आठ सेंटिमीटर मोकळे. चारही कोपरे वरून आठ सेंटिमीटर खाली उभे चिरा, नव्या उंचीवर पट्टी धरून बोथट सुरीने आडवी रेघ दाबा आणि फ्लॅप तिथून आत दुमडा. उरलेली उंची २२. आता आकाराने ६.९३, काट्याचं वजन त्याहून जास्त, म्हणून बिल साडेसातचं. पाच मिनिटांच्या कामात दोन किलो कमी. आमच्याकडे कटर आणि लोखंडी पट्टी आहे, हे काम आम्ही मोफत करून देतो. लांबच्या प्रवासाला खोकं पाच पदरी असू द्या. तीन पदरी खोकं वर ओझं आलं की दबतं आणि बाजूंनी फुगतं, आणि मग काकूंच्या पार्सलसारखं होतं.

गोधडी आणि आकाशकंदील

आजीने शिवलेली गोधडी काट्यावर दोन किलो असेल, पण सैल घडी करून ५० बाय ४० बाय ३० च्या खोक्यात घातली तर बिल १२ किलोचं येईल. हवा काढून घट्ट बांधली, ४५ बाय ३५ बाय १२ मध्ये बसवली, तर ३.७८, म्हणजे ४ किलो. हवा काढलेली पिशवी मात्र नेहमी खोक्यातच ठेवा. नुसती पाठवली आणि वाटेत तिला बारीकसं छिद्र पडलं, तर गोधडी पुन्हा फुगते आणि हबमधलं यंत्र ते फुगलेलं माप टिपतं.

उभारलेल्या आकाशकंदिलाचा हिशेब ऐकून लोक हबकतात. ४० सेंटिमीटरचा चौकोनी कंदील, वजन सहाशे ग्रॅम, बिल १३ किलोचं. घडीचा कंदील घ्या, किंवा कामट्या आणि कागद सुटे करून ४० बाय ३० बाय ४ च्या चपट्या पाकिटात पाठवा. ०.९६, म्हणजे एक किलो. मुलांना तिकडे स्वतः चिकटवायला दिला तर आनंद वेगळाच, असं एका आजोबांनी आम्हाला नंतर येऊन सांगितलं.

लांब वस्तूंचा वेगळा अधिभार

आतापर्यंतचं सगळं वजनाबद्दल होतं. लांबीबद्दल एक स्वतंत्र अधिभार आहे. एखादी बाजू ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की ते खोकं हबमधल्या सरकत्या पट्ट्यावरून आपोआप पुढे जात नाही, माणसाला उचलावं लागतं. त्याचे पैसे भाड्याखेरीज लागतात, तेही प्रत्येक नगामागे. ही मर्यादा कंपनीगणिक बदलते, पण खोकं एक मीटरच्या वर जात असेल तर बुकिंगच्या आधी विचाराच. काही ठिकाणी लांबीत घेर मिळवतात. घेर म्हणजे रुंदीची दुप्पट आणि उंचीची दुप्पट. गुंडाळलेल्या नळीलाही चौकोनी खोकं समजूनच मोजतात : ९० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर जाड नळी म्हणजे १.८ किलो, आत एक तक्ता असला तरी.

मिरजेहून आलेला तंबोरा परदेशी पाठवायला एकजण आले होते. पेटीसकट वजन बारा किलो, पेटी १५० बाय ५० बाय ४५. एक्स्प्रेस कुरिअरच्या हिशेबाने साडेसदुसष्ट किलो, वर लांबीचा अधिभार. अशा वस्तू आम्ही कुरिअरने घेत नाही. त्यांना एअर कार्गोचा रस्ता सांगतो. तिथे भाजक सहसा ६००० असतो, वजन ५६.२५ किलो धरलं जातं आणि किलोचा दरही बराच कमी असतो. मात्र माल विमानतळापर्यंतच जातो. तिथून कस्टममधून सोडवून घरी न्यायचं काम घेणाऱ्याला करावं लागतं. तिकडे कोणी धावपळ करणारं असेल तरच हा मार्ग घ्या.

एक किलो वाढला की किती वाढतं

भाड्यावर इंधन अधिभार टक्क्यांत लागतो आणि तो वरचेवर बदलतो. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. उदाहरणापुरतं धरा, वाढीव वजनाचं भाडं १००० रुपये आणि इंधन अधिभार २५ टक्के. झाले १२५०. त्यावर जीएसटी धरून १४७५. आडवाटेच्या गावाचा पिनकोड असेल तर दूरच्या भागाचा अधिभार वेगळा, म्हणून पत्ता पिनकोडसकट पूर्ण द्या.

परदेशातली कस्टम ड्युटी यात धरलेली नाही. ती कुरिअरचा अधिभार नव्हे, त्या देशाचा कर आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, त्यामुळे पूर्वी काही न लागलेल्यांना तिकडे मागणी येऊ शकते. त्याबद्दल काउंटरवर सविस्तर बोलू.

मागाहून जादा बिल आलं तर

लगेच भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. वजनाच्या तक्रारीला मुदत असते, पुष्कळदा ती आठवड्याभराचीच असते. कंपनीने वाढीव वजन लावलं तर आम्ही तिच्याकडे दोन गोष्टी मागतो : हबमध्ये नोंदलेली तिन्ही मापं आणि तिथे काढलेला पार्सलचा फोटो. मोठ्या हबमधली यंत्रं पट्ट्यावरून जाणाऱ्या पार्सलचं माप आणि चित्र दोन्ही टिपतात. नुसता ‘वजन ९ किलो’ एवढा आकडा आम्ही पुरावा मानत नाही.

त्यांच्या पुराव्यापुढे आपलाही पुरावा हवा. म्हणून आता टेप लावून झाल्यावर तुमच्यासमोर चार फोटो घेतो : काट्यावरचा आकडा, आणि प्रत्येक बाजूला पट्टी धरून, फुगवट्याच्या सर्वांत उंच जागी, तीन. फोटोत एअरवे बिलाचा, म्हणजे पार्सलवरच्या कुरिअर पावतीचा नंबर दिसलाच पाहिजे. हे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एकदा एका खोक्याच्या नोंदीत ३५ ऐवजी ५३ असा आकडा पडला होता. फोटो होता म्हणून ते बिल तीन दिवसांत रद्द झालं.

आमच्या काट्याची दरवर्षी पडताळणी होते. वैधमापन शास्त्र विभागाचं प्रमाणपत्र काउंटरमागच्या भिंतीवर लावलं आहे, मोजण्याआधी जरूर पाहा. काटा शून्यावर आहे ना, हेही पाहा. कुठल्याही दुकानात हे पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. आमच्याबद्दल किंवा कंपनीबद्दलची तक्रार आमच्याकडे सुटली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

फोटोत आणि पावतीवर जे माप आहे तेच हबमध्ये निघालं आणि तरीही जादा बिल आलं, तर ते तुम्ही भरायचं नाही, कंपनीशी आम्ही भांडू. पावती झाल्यावर तुम्ही खोकं घरी नेऊन त्यात काही घातलं किंवा वर पिशवी बांधली, तर मात्र फरक तुमच्याकडून घ्यावा लागेल.

एकच विनंती. घरून येताना खोकं उघडंच आणा, टेप लावू नका. आत काय कसं बसलंय ते दोघांनी मिळून पाहू, जागा उरली असेल तर कापू, आणि मगच टेप लावू.