नेलगनच्या नंबरांची पार्श्वभूमी

नेलगन, म्हणजे खिळे ठोकायचं यंत्र, घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ‘एफ-३० देऊ, टी-५० देऊ की एसटी-६४?’ यातला आकडा म्हणजे त्या गनमध्ये बसणाऱ्या सर्वांत लांब खिळ्याचे मिलिमीटर, आणि अक्षर म्हणजे खिळ्याची जात. थोडक्यात, गन खिळ्याच्या नावानेच ओळखली जाते. खिळ्याने यंत्र घडवलं, म्हणून हे रास्तच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोहार एकेक खिळा घडवत. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी १७९४ मध्ये माँटिसेलोला खिळ्यांचा कारखाना काढला. तिथे भट्टीपुढे राबत होती गुलामगिरीतली १० ते १६ वर्षांची मुलं. पुढच्याच वर्षी जेकब पर्किन्स यांनी खिळे कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोखंडी पट्टीतून कापलेला तो खिळा चपटा आणि निमुळता असे, लाकडात पाचरीसारखा रुतून बसे. पकड उत्तम, तरी पोलादी तारेच्या स्वस्त गोल खिळ्यापुढे तो टिकला नाही. अमेरिकेत १८८६ मध्ये तारेचे खिळे सुमारे १० टक्के होते, १९१३ पर्यंत ९० टक्के झाले. तेव्हा गमावलेली पकड आपण अजून भरून काढतोय. गनच्या खिळ्यांवर जो लेप असतो तो ठोकताना घर्षणाने वितळतो आणि लाकडाला चिकटतो, तो त्यासाठीच.

तारेचे खिळे एकसारखे असल्याने त्यांची पट्टी जोडता येते, आणि पट्टी आली की मॅगझिन, म्हणजे गनमधला खिळ्यांचा साठा, आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाकडी घरं झपाट्याने उभी राहत होती. १९५० मध्ये हवेच्या दाबावर चालणारी पहिली नेलगन बाजारात आली ती तिथे जमिनीच्या फळ्या ठोकायला. कामगार उभ्यानेच मिनिटाला ४० ते ६० खिळे मारू शके. ट्रिगर दाबला की कॉम्प्रेसरची हवा पिस्टन खाली ढकलते आणि त्याची पाती पट्टीतला पुढचा खिळा तोडून आत घालते. आजही तेच चालतं. १९८६ च्या सुमारास पासलोड या कंपनीने गॅसच्या छोट्या डबीवर चालणारी गन आणली आणि कॉम्प्रेसरचा पाइप सुटला.

तिकडच्या फ्रेमिंग गनचं, म्हणजे लाकडी घराचा सांगाडा ठोकायच्या गनचं, मॅगझिन तिरपं असतं, कारण ते उभ्या दांड्यांच्या बेचक्यात घुसवावं लागतं. पूर्ण गोल डोक्याचे खिळे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, त्यांची पट्टी साधारण २१ अंशांत. डोकं कापलेले खिळे कागदी पट्टीत ३० ते ३४ अंशांत. आपल्याकडच्या फर्निचरच्या कामात या गनला काही काम नाही. व्हिडिओ पाहून ती मागवणं म्हणजे पैसे वाया.

आपलं काम प्लायवूडचं, आणि १९५९ मध्ये फेविकॉल आल्यापासून ताकद बरीचशी गोंदाची. गोंद सुकेपर्यंत तुकडा जागेवर धरायला एफ-३० पुरेशी. तिचा खिळा १८ गेजचा. गेज वाढला की तार बारीक, म्हणून बीडिंगवर (कडेच्या बारीक लाकडी पट्टीवर) भोक दिसत नाही. घोळ होतो तो कपाटाच्या सांध्यात. १८ मिमी प्लायमधून ३० चा खिळा पलीकडे जेमतेम १२ मिमी उतरतो. तिथे टी-५० मध्ये ४५ चा, १६ गेजचा खिळा घाला, २७ मिमी पकड मिळते. मात्र प्लायच्या कडेत गन जरा कलली तरी खिळा बाजूने बाहेर येतो, तेव्हा दुसरा हात तिथून लांब. एसटी भिंतीच्या कामाची: काँक्रीटवर बॅटन (आधाराच्या लाकडी पट्ट्या) ठोकायला. बिजागरी आणि ड्रॉवरच्या चॅनेलला मात्र स्क्रूच.

ट्रिगरचाही एक इतिहास आहे. ट्रिगर दाबून धरायचा आणि गन टेकवत जायचं, टेकेल तिथे खिळा सुटतो; ही पद्धत वेगाची, पण धोक्याची. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी २०११ च्या मार्गदर्शिकेत नेलगनच्या जखमांमुळे वर्षाला सुमारे ३७,००० लोक तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जातात असं सांगितलं आणि दर खिळ्याला नव्याने दाबावा लागणारा ट्रिगर वापरायची शिफारस केली. घेताना हे जरूर विचारा. दुकानदार आपणहून सांगत नाही.