कोझुमेलचं ड्रिफ्ट डायव्हिंग

समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत जात केलेलं स्कुबा डायव्हिंग म्हणजे ड्रिफ्ट डायव्हिंग. बोटीतून एका जागी उतरायचं आणि वर यायचं बरंच लांब, दुसरीकडेच, नांगर टाकलेला नसतो, बोट वरून बुडबुड्यांच्या मागे मागे येत राहते. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यासमोरचं कोझुमेल बेट यासाठी जगभर फेमस आहे.

तिथला प्रवाह कुठून येतो तर व्यापारी वारे कॅरिबियनचं पाणी पश्चिमेला ढकलतात, ते मेक्सिको आणि क्युबा यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे घुसतं आणि हेच पाणी पुढे गल्फ स्ट्रीमला जाऊन मिळतं. त्यामुळे बेटाच्या पश्चिम बाजूच्या प्रवाळ उतारावर बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहायचं असतं. पालांकार या प्रवाळ भागात बऱ्याचदा आरामात वाहत जाता येतं, सांता रोसाच्या पाण्याखालच्या कड्यावर मात्र वेग चांगलाच जाणवतो. 1 नॉट ऐकायला काहीच वाटत नाही, पण म्हणजे मिनिटाला साधारण 30 मीटर, आणि एवढ्याशा प्रवाहाविरुद्ध पोहायला गेलं तरी दमछाक होते आणि टाकीतली हवा भराभर संपते.

म्हणून खरं कसब पोहण्यात नाही, बॉयन्सीत, म्हणजे ना बुडता ना वर जाता हव्या त्या खोलीवर तरंगत राहण्यात आहे. खोली श्वासावर सांभाळायची, ग्रुपपासून लांब जायचं नाही आणि प्रवाळाला तर अजिबात हात लावायचा नाही. थांबायचंच असेल, समजा कपारीत बसलेला पिवळ्या पंखांचा स्प्लेंडिड टोडफिश बघायचाय (कोझुमेलची शान आहे तो, बघाच), तर मोठ्या प्रवाळाच्या आडोशाला यायचं, तिथे पाण्याचा जोर कमी असतो. कड्यापाशी कधी कधी प्रवाह खाली ओढतो, तेव्हा घाबरून हातपाय मारण्यापेक्षा कड्यापासून बाहेर सरकणं जास्त सेफ. शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा सुरक्षेसाठीचा थांबा) पण वाहता वाहताच होतो, आणि बोटीला दिसावं म्हणून खालूनच मार्कर बॉय (हवेने फुगवलेली खुणेची नळी) वर सोडतात, तो प्रत्येकाकडे असलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

1996 पासून इथे राष्ट्रीय सागरी उद्यान आहे, त्यात हातमोजे घालायला बंदी आहे, कारण मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळ धरतो. 2018 पासून मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर कठीण प्रवाळांचा ऊतक-नाश रोग पसरलाय, शेकडो वर्षांच्या प्रवाळ-वसाहती काही आठवड्यांत मरतात. 2019 मध्ये तर पालांकार आणि कोलंबिया हे इथले प्रवाळ भाग पर्यटकांसाठी काही काळ बंदच ठेवले होते, धंद्याला फटका बसला तरी ते करायलाच हवं होतं.