शीर्षकाचा विनोदी विपर्यास

शीर्षकाचा विनोदी विपर्यास म्हणजे एखाद्या सुपरिचित ग्रंथाचे, नाटकाचे, चित्रपटाचे किंवा चित्राचे नाव, ती कृती जणू कधी पाहिलीवाचलीच नाही असा आव आणून, शब्दशः अथवा भलत्याच अर्थाने घेणे आणि त्यावरून कृतीचा विषय गंभीर चेहऱ्याने सांगणे. ‘झेंडूची फुले’ (१९२५) हा केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, विडंबनकवितांचा संग्रह बागकामाच्या पुस्तकांत शोधायला सांगणे, किंवा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा विनोदी लेखसंग्रह पाककृतीसाठी मागून नेणे, हे त्याचे अगदी प्राथमिक नमुने होत.

हा प्रकार विडंबनाहून वेगळा आहे. विडंबनात मूळ कृतीची शैली उचलून तिची नक्कल केली जाते. येथे मूळ कृतीला हातही लावला जात नाही. नावातले एखादे अक्षर बदलून केलेली कोटीही या प्रकारात मोडत नाही, कारण शीर्षक जसेच्या तसे ठेवायचे आणि फिरवायचा तो केवळ अर्थ, हीच येथली अट आहे. ती पाळल्याशिवाय गंमत येत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्राने या वृत्तीला फार पूर्वीच नाव दिले आहे. नवव्या शतकातील रुद्रट या साहित्यशास्त्रकाराने वक्रोक्ती हा शब्दालंकार मानून त्याचे श्लेष-वक्रोक्ती (दुहेरी अर्थावर आधारलेली) आणि काकु-वक्रोक्ती (आवाजाच्या चढउतारावर आधारलेली) असे दोन भेद सांगितले आणि पुढे मम्मट या साहित्यशास्त्रकाराने ते स्वीकारले. (कुंतक या दुसऱ्या साहित्यशास्त्रकाराची वक्रोक्ती ही निराळी आणि कितीतरी व्यापक कल्पना आहे, तिची येथे गल्लत करू नये.) बोलणाऱ्याने एका अर्थाने उच्चारलेले वाक्य ऐकणाऱ्याने जाणूनबुजून दुसऱ्याच अर्थाने घ्यायचे, हे श्लेष-वक्रोक्तीचे स्वरूप. काश्मीरच्या रत्नाकर कवीने ‘वक्रोक्तिपंचाशिका’ या छोट्या काव्यात शिव-पार्वतीचा संवाद याच युक्तीवर उभा केला आहे. मात्र तेथे पार्वतीला प्रत्युत्तर करता येते. शीर्षकाला ती सोय नाही. ते मुखपृष्ठावर एकटे, निमूट उभे असते आणि त्याचा खुलासा करणारी पाने त्याच्या मागे बंद असतात.

शीर्षके या खोडीला विशेष बळी पडतात, याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. ती तोकडी असतात, त्यांत बहुधा क्रियापद नसते आणि अर्थ ठरवणारे मागचेपुढचे वाक्यही नसते. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक देवनागरी लिपीत अक्षराच्या आकारावरून कळत नाही, ही आणखी एक सोय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातील ‘बटाटे’ हे चाळमालकाचे आडनाव आहे, हे पुस्तक उघडल्यावरच समजते. उलट दिशेने तोच घोटाळा सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या आत्मकथनाबाबत करता येतो. ‘मनोहर’ हे विशेषण न मानता ते घरातल्या कोणा मनोहरचे नाव मानले, की मनोहर हजर असूनही काहीतरी अडले आहे, असा अर्थ तयार होतो. आणि ‘तरी’पाशी वाक्य अर्धवट सोडलेले असल्यामुळे काय अडले आहे ते विपर्यास करणाऱ्याला मनाजोगते ठरवता येते. रूपकात्मक नावे त्याहून सोपी: भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी, जिच्या नावाचा अर्थ कोश असा आहे, प्राचीन कोसल देशाच्या इतिहासात ढकलता येते, तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९), जिचे कथानक प्रवासी बोटीवर घडते, युद्धनीतीच्या अभ्यासकाच्या हाती देता येते.

विपर्यास मुद्दाम केलेला आहे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, आणि त्यासाठी मूळ कृती दोघांनाही ठाऊक हवी. म्हणूनच अप्रसिद्ध पुस्तकावर हा विनोद चालत नाही. तेथे तो निव्वळ गैरसमज ठरतो. जॉन रस्किन यांनी १८५१ मध्ये मेंढवाड्यांच्या बांधणीविषयी टिपणे अशा नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा विषय ख्रिस्ती चर्चची शिस्त आणि एकोपा हा होता, पण मेंढपाळांनी ती उपयुक्त माहितीच्या आशेने विकत घेतली, असे सांगतात. त्या मेंढपाळांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नसावे.

यातला सर्वांत सरस प्रकार तो, ज्यात चुकीचा अर्थ मूळ कृतीला नकळत जाऊन भिडतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. बोलीभाषेत ‘चालू’ म्हणजे लबाड. तेव्हा हे कोर्ट मोठे चालू आहे, त्याच्यापुढे जपून बोला, असा इशारा या नावातून सहज काढता येतो. आणि नाटकात घडते ते हेच: खेळ म्हणून मांडलेल्या अभिरूप न्यायालयात सहकारी मंडळी लीला बेणारेला आरोपी करतात आणि पाहता पाहता तिच्या खासगी आयुष्याचाच निवाडा करू लागतात. कोटी करणारा येथे समीक्षकाच्या बराच जवळ पोहोचतो. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ची (१९७२) गोष्ट वेगळी. ते पुस्तकबांधणीवरचे असावे हा तर्क फसत असला, तरी पुरता फसत नाही, कारण सखारामचा धंदा खरोखरच तो आहे.

काही लेखक ही शक्यता आधीच हेरून ठेवतात. पु. लं.च्या ‘असा मी असामी’मध्ये पदच्छेदाचा खेळ शीर्षकातच उरकलेला असल्याने दुसऱ्याला फारसे काम उरत नाही. रॉबर्ट पिर्सिग यांनी झेन आणि मोटारसायकलची देखभाल यांना एकत्र आणणारे नाव असलेल्या आपल्या पुस्तकाच्या (१९७४) आरंभीच बजावले, की झेन साधनेच्या प्रमाण माहितीशी याचा संबंध जोडू नये आणि मोटारसायकलबाबतही ते फारसे वस्तुनिष्ठ नाही. युजीन इओनेस्को यांच्या ‘टकली गायिका’ या अर्थाच्या फ्रेंच नाटकाचे (१९५०) नाव तर तालमीत एका नटाची जीभ घसरल्यामुळे मिळाले. ती गायिका नाटकात अवतरतच नाही, त्यामुळे नावाचा सरळ अर्थ घेणारा प्रेक्षकही आपोआप विपर्यासाचा धनी होतो.

शास्त्रीय ग्रंथांची नावे न मागता या विनोदाला हातभार लावतात. विचित्र शीर्षकासाठी ब्रिटनमध्ये १९७८ पासून दिल्या जाणाऱ्या डायग्राम पारितोषिकाचा पहिला मान ‘नग्न उंदरां’वरील दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेच्या इतिवृत्ताला मिळाला. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या केसविरहित उंदरांची ती रूढ संज्ञा असून संशोधकांना त्यात वावगे काहीच दिसत नाही.

अर्थाच्या दुहेरीपणावर उभ्या असलेल्या अशा कोट्या भाषेची वेस ओलांडत नाहीत. हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या नावावरून नायकाचे हात तुटले असावेत, ही इंग्रजीतली जुनी गंमत आहे. मराठीत शस्त्रे आणि बाहू यांना एकच शब्द नसल्यामुळे ती आधी समजावून सांगावी लागते, आणि तोवर ऐकणाऱ्याची हसण्याची वेळ टळून गेलेली असते.