वाळूजच्या उन्हात सहा मायक्रॉनचा हिशेब

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघणारी सळई आणि तिथून सत्तरेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये तयार होणारा मोटरसायकलचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, दोन्ही पोलादच. पण सळई खडबडीत असलेलीच बरी, कारण तिच्या अंगावरच्या उंचवट्यांनाच काँक्रीट धरून बसतं. शाफ्टचं नेमकं उलट. तो तेलाच्या अगदी पातळ थरावर मिनिटाला हजारो फेरे घेणार असतो. त्याच्या अंगावर त्या थरापेक्षा उंच टोकं राहिली, की ती थर फाडून समोरच्या धातूला घासणार. मग आवाज, गरमी, झीज ओघानंच आली.

१९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आसऱ्यानं सुटे भाग बनवणाऱ्या शेडची रांग लागली. अशा शेडमध्ये शाफ्टचा प्रवास सुरू होतो तो लेथवर, म्हणजे फिरत्या धातूवर टूल धरून तो कातणाऱ्या यंत्रावर; हल्ली सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथवर. पोलाद अजून मऊ असतं, टूल भराभर माल काढतं, चकचकीत चिपांचा ढीग पडतो. मग जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, भट्टीला जातो. तिथून तो वरच्या थरात ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणाचं माप) इतका कडक होऊन येतो आणि येताना थोडा वाकूनही येतो. हे आधीच माहीत असल्यानं लेथवर व्यासाला दोन-तीन दशांश मिलिमीटर माल मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. आता त्या कडक झालेल्या अंगावर साधं कार्बाइडचं टूल फार काळ टिकत नाही. इथून पुढचं काम ग्राइंडिंगचं, म्हणजे फिरत्या दगडानं खरवडून माल काढण्याचं.

ग्राइंडिंग व्हीलला दगड म्हणायची पद्धत आहे, पण तो रचलेला असतो राजगिऱ्याच्या लाडवासारखा: दाणे, त्यांना धरून ठेवणारा थोडासा पाक आणि मधे मोकळी जागा. दाणे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, पाक काचेसारख्या भाजलेल्या मातीचा. मोकळ्या जागेत कातलेला माल मावतो आणि कूलंट, म्हणजे जॉब थंड ठेवणारा द्रव, आत शिरतं. व्हीलची कड सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरनं फिरते आणि हजारो दाणे पाळीपाळीनं जॉबला खरवडतात. दाणा बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो. मग तो फुटून नवी धार पुढे येते, नाहीतर पाकातून सुटून मागच्याला जागा देतो. म्हणूनच नवख्याला उलटा वाटणारा नियम इथे चालतो: जॉब कडक असेल तर व्हील मऊ घ्या. मऊ म्हणजे दाणा मऊ नव्हे, पकड सैल. कडक जॉबवर दाणे लवकर बोथट होतात, तेव्हा ते वेळेवर सुटायला हवेत. न सुटले तर व्हीलवर काचेसारखी चमक येते, ते कातायचं सोडून नुसतं घासायला लागतं. तेव्हा हिऱ्याच्या टोकानं ड्रेसिंग करून त्याचं तोंड पुन्हा उघडावं लागतं.

घासणं म्हणजे उष्णता. तेवढाच माल काढायला ग्राइंडिंगला लेथच्या कित्येक पट ऊर्जा लागते. लेथवर बरीचशी उष्णता चिपेबरोबर निघून जाते. इथे साध्या व्हीलवर तिचा मोठा वाटा जॉबमध्येच उतरतो. लांबून दिसणाऱ्या ठिणग्या तर व्हीलच्या नसतातच. त्या असतात पोलादाच्या बारीक चिपा, हवेतल्या ऑक्सिजननं पेट घेतलेल्या. त्या विझल्यावर खाली पडलेली काळी भुकटी भिंगाखाली धरा. त्यात लेथच्या चिपेच्या चिमुकल्या आवृत्त्या दिसतात, वळलेल्या केसासारख्या, आणि मधूनमधून वितळून गोल झालेले टिपके.

हीच उष्णता जॉबच्या अंगात मुरली तर कडक थर मऊ पडतो, किंवा तापून लगेच थंड झाल्यानं ठिसूळ होतो. याला बर्न म्हणतात. कधी तपकिरी डाग दिसतो, कधी काहीच दिसत नाही आणि नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेलं सौम्य नायट्रिक ॲसिड, लावल्यावरच तो काळपट उमटतो. उपाय म्हणून दुधासारख्या पांढऱ्या कूलंटची धार सोडलेली असते, पण ती मिळते कुणाला? वेगानं फिरणारं व्हील आपल्याभोवती हवेचा पट्टा ओढत असतं, आणि हलकी धार त्यावर आपटून बाजूला उडते. टाकीभर पाणी फिरवूनही नेमका संपर्काचा बिंदू कोरडा राहू शकतो. माझ्या मते पंप मोठा करण्याआधी नोझलची दिशा आणि धारेचा वेग तपासावा. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागात तर आधी तेच करावं.

आता उन्हाळा. मापांसाठी जगानं १९३१ साली २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरवून घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४० अंश ही नवलाई नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट २० अंशांच्या फरकानं जवळपास ६ मायक्रॉन जाड भरतो. बेअरिंग बसायच्या जागेला मापात कमी-जास्त व्हायची एकूण सूट असते ९ ते १३ मायक्रॉनची. निम्मी सूट नुसत्या हवेनंच खाल्ली. सुदैवानं मापायचं साधनही पोलादाचं असेल आणि दोघं एकाच तापमानाला असतील, तर दोघं सारखेच फुगतात आणि हिशेब जुळतो. गडबड होते ती मशीनवरून काढलेला गरम जॉब तसाच मोजला की. म्हणून जाणता ऑपरेटर जॉब आणि मास्टर (तुलनेसाठीचा अचूक मापाचा तुकडा) एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो, चहा पिऊन येतो आणि मग माप घेतो.

एवढा व्याप टाळता येईल का? बऱ्याच ठिकाणी येतो. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी हिऱ्याखालोखाल कठीण असलेलं सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) तयार केलं. त्याची धार असलेलं टूल कडक पोलादही लेथवरच कातू शकतं, अनेकदा कूलंटशिवाय. पण लेथचं टूल सरकत जातं आणि मागे स्क्रूच्या आट्यांसारखी अतिसूक्ष्म रेघ सोडतं. ऑइल सीलखाली, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्याखाली, ती रेघ पंपासारखी वागते, शाफ्ट फिरेल तसं तेल बाहेर ढकलते. व्हील जॉबवर सरळ आत नेऊन केलेल्या ग्राइंडिंगमध्ये अशी रेघ पडत नाही. त्यामुळे बाकी सगळा शाफ्ट सीएनसीवर कडक अवस्थेत कातणारे कारखानेही सीलची ती बोटभर जागा मात्र ग्राइंडरकडेच पाठवतात.