मेलेल्या माणसाची पेनी

तळहाताएवढी काशाची चकती, शेजारी पलटणीच्या पोशाखातला फोटो, खाली पदके आणि सगळ्यावर काच. पहिल्या महायुद्धात माणूस गमावलेल्या कित्येक घरांत अशी चौकट भिंतीवर लागली. ब्रिटनमधल्या लोकांनी या चकतीला कडवट नाव ठेवले : ‘डेड मॅन्स पेनी’, मेलेल्या माणसाची पेनी. तिथल्या पेनीच्या नाण्यावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक, असे, तीच इथेही होती.

युद्ध लांबत चालले तसे, मृतांच्या घरी काहीतरी टिकाऊ पोचवावे म्हणून ब्रिटिश सरकारने १९१६ मध्ये समिती नेमली. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली, ८०० हून अधिक नमुने आले आणि लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांना २५० पौंडांचे बक्षीस मिळाले. त्यांच्या चित्रात पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया आहे, पुढे सिंह. हा सिंह फारच ठेंगणा म्हणून तेव्हा टीकाही झाली. कडेने इंग्रजी वाक्य : स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिले. पारतंत्र्यातल्या देशातही हेच वाक्य घरोघर गेले.

अशा १३ लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ६०० स्त्रियांच्या. प्रत्येकीवर उठावाच्या अक्षरांत मृताचे नाव. हुद्दा मात्र मुद्दाम गाळलेला, कारण मरणात साहेब आणि शिपाई सारखे, अशी भूमिका होती.

ही समानता चकतीपुरतीच राहिली, हे आपल्याकडे पाहिले की कळते. त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक गेले. मराठी मुलखातल्या माणसांसाठी रणांगण म्हणजे मुख्यतः मेसोपोटेमिया, आजचा इराक. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन तिथल्या कुत-अल-अमारा या गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत पुष्कळ मेले. या आघाडीवर ज्यांची कबर सापडत नाही, अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली, भारतीयांपैकी मात्र फक्त अधिकाऱ्यांची. बाकीच्यांची पलटणीखाली नुसती संख्या. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने या भेदभावाची कबुली २०२१ मध्ये दिली आणि माफी मागितली.

गावाकडेही तेच. अनेक गावांत इंग्रजी अमदानीतली दगडी पाटी सापडते : या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा मृतांचा आकडा ४६. पाटीवर गिनती आहे, नाव नाही.

म्हणजे एखाद्या साध्या शिपायाचे नाव धातूवर उरले ते बहुधा त्याच्या घरातच, चकतीवर आणि पदकाच्या कडेवर. तेही रोमन लिपीत, साहेबी कारकुनाला जसे ऐकू आले तसे.

आता अशा चकत्या मोडीत जातात, जुन्या बाजारात सुट्या मिळतात. सुटी चकती जवळजवळ मुकी असते. हुद्दा गाळला, तसाच पलटणीचा उल्लेखही तिच्यावर नाही. गणपत किंवा रामा असे नाव असेल तर नेमका कोणता, हे त्यावरून ठरत नाही. शिपायाचा नंबर आणि पलटण कोरलेली असते ती युद्धपदकाच्या कडेवर. म्हणून घरात अशी चौकट असेल, तर साफसफाईसाठी उघडली तरी चकती, पदके आणि फोटो वेगवेगळे करू नयेत. पदकाची कड भिंगातून वाचून घ्यावी आणि तो नंबर चौकटीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावा.