अंगावरून पांढरं जाणं: स्लाइड सुकायच्या आत

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ९२ टक्के जणींना किमान एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार मात्र घरोघरी ठाऊक असते. 'उष्णता झाली' म्हणून ती काढ्यावर किंवा टॉनिकवर भागवली जाते.

पांढरं जाणं प्रत्येक वेळी रोग नसतं. पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव जाणं स्वाभाविक. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि सडकून खाज असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास येत असेल तर योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असू शकतो. पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव आणि लघवीला जळजळ असेल, तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संशय घ्यायचा. पण अनेकींना यातलं काहीच होत नाही, त्यामुळे नुसत्या वर्णनावर निदान करणं कच्चंच.

हा एकपेशीय परजीवी शरीरसंबंधातून पसरतो. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता राखतात, पीएच (आम्लतेचं माप; आम्लता जितकी जास्त तितका आकडा कमी) ४.५ च्या आत असतो. हा परजीवी असताना पीएच सहसा ४.५ च्या वर जातो. मात्र पाळीचं रक्त किंवा वीर्य असलं तरी पीएच चढतो, म्हणून पीएच मोजायच्या एकट्या कागदी पट्टीवर विसंबू नये.

ग्रामीण दवाखान्यात खरी फसगत होते ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेवर, म्हणजे स्लाइडवर. स्राव कापसाच्या काडीवर घ्यायचा, स्लाइडवर सलाइनच्या थेंबात मिसळायचा, वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून उजेड कमी करून आधी १० आणि मग ४० च्या भिंगाखाली पाहायचं. परजीवी ओळखू येतो तो झटके देत पोहण्यावरून. नमुना गार झाला किंवा वेळ गेला की तो थबकतो, आणि मग जवळपास त्याच आकाराच्या पांढऱ्या पेशींत हरवून जातो. म्हणून दहा मिनिटांच्या आत पाहावं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या स्लाइडवर 'निगेटिव्ह' आलं, तर त्यावर फारसा भरवसा ठेवू नये. ताज्या स्लाइडवरही कित्येक रुग्ण निसटतातच.

सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून औषधांचं किट देतात. योनिस्रावासाठी हिरवं किट: सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच. ट्रायकोमोनासचं निदान पक्कं असेल तर डॉक्टर मेट्रोनिडॅझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या सुटतात. बाईला हे आधीच सांगितलेलं बरं.

हिरव्या किटची मर्यादाही ओळखावी. गनोरिया आणि क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून होणारे जिवाणूंचे संसर्ग गर्भाशयाच्या मुखात बसतात, बहुधा मुकाट्याने. त्यांच्यावर या किटचा उपयोग नाही, आणि गर्भनलिका बंद होऊन मूल न राहण्याचा धोका प्रामुख्याने त्यांच्यामुळे. ट्रायकोमोनासचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आहे. एचआयव्ही लागण्याची शक्यताही तो वाढवतो.

आता नवऱ्याचं. पुरुषाला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, म्हणून तो 'मला काय झालंय?' म्हणत गोळ्या घेत नाही. बाई बरी होते, महिनाभरात पुन्हा तीच तक्रार घेऊन येते, आणि गोळी लागू पडली नाही असं म्हणून औषध बदललं जातं. दोघांचे उपचार एकाच वेळी व्हावेत. ते संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळावा. तीन महिन्यांनी बाईची पुन्हा तपासणी करावी.