भांडी वाजली की मावशी दारात

औशाकडच्या माझ्या मावशीच्या मांडणीतली भांडी रात्री नुसती किणकिणली, तरी ती अजूनही एखादवेळी दारात उभी. पाय आधी निघतात, ‘टिप्पर गेला वाटतं’ हे मागून सुचतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बोळवून गावं झोपलेली असताना, भूकंपात किल्लारी परिसरातली माळवदाची घरं दगडमातीच्या भिंतींसकट माणसांवर बसली. त्या आधी भांडीच वाजली होती, असं ती सांगते.

कानशिलांच्या आत, दोन्हीकडे, बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. आवाजाची खबर तिथं दोन वाटांनी जाते. मेंदूच्या बाह्यपटलातून जाणारी वाट लांबची; तिथं आवाज नीट ओळखला जातो. थॅलॅमस, म्हणजे मेंदूतलं खबरा पुढं धाडणारं ठाणं, तिथून थेट जाणारी आडवाट जवळची, पण तिच्यावरून येणारी खबर अर्धीमुर्धी. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी ही आडवाट उंदरांमध्ये दाखवून दिली. अमिग्डलाला सरसकट ‘भीतीचं केंद्र’ म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. दोन्ही अमिग्डला निकामी झालेली एक बाई सापाला भीत नव्हती. कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगल्यावर तीच घाबरीघुबरी झाली.

इतक्या वर्षांत मावशीची भीती गेली कशी नाही? मुळात ती पुसली जात नाही. भांडी वाजली आणि काहीच झालं नाही, असं शेकडो वेळा घडलं की कपाळामागचा भाग एक नवा धडा शिकतो आणि अमिग्डलाला आवरतो. जुना धडा खाली तसाच राहतो, शेणानं सारवलेल्या भुईखालच्या मुरमासारखा. विझलेली सवय काही काळानं आपोआप उसळते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला कुत्र्यांमध्येही दिसलं होतं.

तिचा सोळा वर्षांचा नातू या धावपळीला हसतो. त्याचं वेगळंच: मित्र काही बोलला की ताट सरकवून उठतो. कपाळामागच्या त्या भागाची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते, तेव्हा त्याला थोडी सूट द्यावी लागते. म्हातारपणी उलट, बहुतेकांचं लक्ष कडू गोष्टींवर कमी रेंगाळतं. मावशीही आता भावकीची भांडणं चटकन सोडून देते.

आवरायला शिकलेला हा धडा जागेला फार चिकटून असतो. पुनर्वसनातल्या घरात, पत्र्याखाली, ती हल्ली भांडी वाजली तरी बऱ्याचदा कूस बदलून झोपते. दिवाळीत लेकीकडे लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहिली. रात्री लिफ्ट धडधडली. लेक उठून बघते तर मावशी जिन्यात बसलेली, चपला पायात, नातीला कडेवर घेऊन.